हॉलमधला डबा की मुठीतला मोबाइल?

मैत्रिणींनो, साधा मिक्सर घ्यायचा तरी आपण किती दुकानं पालथी घालतो! भांडी किती, गॅरंटी किती वर्षांची, बिघडला तर इथेच दुरुस्त होईल की पनवेल गाठावं लागेल... सगळं विचारून मगच पर्स उघडतो. पण मुलांनी 'व्हिडिओ गेम हवा' म्हटलं, की हीच चौकस बाई एकदम गप्प होते. "त्यातलं मला काय कळतंय?" म्हणते आणि मुलगा नि दुकानदार ठरवतील त्याला मान डोलावते. अहो, पन्नास-पंचावन्न हजारांची वस्तू ही! त्यातलं कळायलाच हवं.

मी पेणची, माझी धाकटी बहीण रोह्याला. तिची भिशी लागली आणि तिचा फोन आला, "ताई, पोरगा प्लेस्टेशन मागतोय. त्याचा मित्र म्हणतो एक्सबॉक्स घ्या. कुठला चांगला गं?" तिच्यासाठी म्हणून मी माहिती गोळा करायला बसले आणि चक्क रंगून गेले. कारण ही सगळी गोष्ट तुमच्या-माझ्या घराचीच निघाली.

आपल्या पिढीला व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा तो हलका डबा आणि त्यात खुपसायची कॅसेट. चालली नाही की फुंकर मारायची! मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार. 'लिट्ल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी बाजारात आलेले ते डबे म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. ही निन्टेन्डो कंपनी १८८९ मध्ये क्योतो शहरात सुरू झाली, तीही पत्ते बनवायला! घरात चार माणसं एकत्र बसून काय खेळतात, हे तिला तेव्हापासून ठाऊक. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता खरी लढाई पाहू. सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० भारतात आला. त्याचं साधं मॉडेल १९,९९० रुपयांना होतं, आणि जाहिरातीला होते अक्षयकुमार आणि युवराजसिंग. एप्रिल २००७ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, तब्बल ३९,९९० रुपयांना. दोघांचीही ऐट एकच, चित्र किती झकास आणि यंत्र किती ताकदवान! त्याच सुमारास निन्टेन्डोने 'वी' नावाचा छोटा, ताकदीने कमीच असा डबा जगभर आणला. त्याचा रिमोट हातात धरून नुसता हात फिरवायचा, की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरते. बटणांची पाठांतरं नकोत. झालं! आज्या, आया, नातवंडं सगळी उभी राहून खेळायला लागली. शेवटी जगभरात वी विकला गेला दहा कोटींच्या वर, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास आणि एक्सबॉक्स ३६० त्याच्याही थोडा मागे. म्हणजे सगळ्यात दुबळं यंत्र पहिलं आलं!

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात कधी उभ्या राहिल्यात? गिऱ्हाईक मूर्ती बघायला येतं ते घरच्या मखराचं माप घेऊन. मूर्ती कितीही देखणी असो, मखरात बसली नाही तर काय उपयोग? खेळाच्या डब्याचंही तेच.

सोनीने हे आधीच एकदा करून दाखवलं होतं. २००० सालच्या प्लेस्टेशन २ वर डीव्हीडीवरचे सिनेमेही बघता यायचे. मुलाचा खेळ आणि बाबांचा सिनेमा, एकाच डब्यात! तो जगात सोळा कोटींच्या आसपास खपला. याहून जास्त खपलेला टीव्हीचा गेम दुसरा नाही. आपल्याकडे तर त्याच्यासाठी खास देशी खेळ निघाले. २००९ मध्ये छोट्या हनुमानाचा खेळ आला, तो हैदराबादेत तयार झाला होता. पाठोपाठ कबड्डी आणि पतंगांचा 'देसी अड्डा'. हिंदी सिनेमाची गाणी म्हणायचा 'सिंगस्टार बॉलीवूड' तर आपल्यासारख्यांसाठीच!

बरं, एकदा गणित जमलं म्हणून दर वेळी जमतं असंही नाही. त्याच निन्टेन्डोचा २०१२ चा 'वी यू' लोकांना नीट कळलाच नाही, दीड कोटीसुद्धा खपला नाही. मग २०१७ मध्ये तिने 'स्विच' काढला, टीव्हीला लावा नाहीतर उचलून हातात घ्या. तो पंधरा कोटींच्या पुढे गेला! मात्र कंपनीने तो भारतात अधिकृतपणे आणलाच नाही. जो मिळतो तो बाहेरून आलेला. गॅरंटीचं काय, हे आधी विचारा.

आता किमतीची गोम. या कंपन्या यंत्रावर फारसं कमवत नाहीत, कधीकधी तोटाही सोसतात. कमाई खेळांवर. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तसंच! प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, २०२४ चं सडपातळ मॉडेल ५४,९९० ला. त्याचे मोठे नवे खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांपर्यंत असायचे. चार घेतले की वीस हजार वेगळे! एक्सबॉक्सचा छोटा 'सिरीज एस' नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० ला आला. स्वस्त वाटतो ना? पण त्याला डिस्कची फटच नाही. सगळे खेळ इंटरनेटवरून उतरवायचे, म्हणजे शेजारच्या घराशी डिस्कची अदलाबदल नाही की खेळून झाल्यावर विकणं नाही. उलट महिन्याची वर्गणी भरली की ढीगभर खेळ मिळतात. वाचनालयासारखं! एक-एक खेळ मोठमोठा असतो, तेव्हा घरी केबलचं चांगलं नेट असेल तरच या वाटेला जावं.

पुढे कोण टिकेल? प्लेस्टेशन ५ आठ कोटींच्या पुढे गेलाय. मायक्रोसॉफ्टने यंत्रं किती खपली हे सांगणंच २०१५ पासून बंद केलं, आणि २०२५ मध्ये तर 'फोर्झा होरायझन ५' हा आपला गाड्यांचा लाडका खेळ सोनीच्या डब्यावरही दिला. यावरून काय ते समजा. पण मला विचाराल तर आपल्या गावांत या तिघांचा खरा वैरी एकच, मोबाइल! २०१६ चा लुडो किंग नवी मुंबईतल्या कंपनीचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याने किती घरं खेळवली! फुकट, घरात होताच त्या फोनवर. त्याच्यापुढे पंचावन्न हजारांचा डबा कुठे पुरणार?

पण फुकटाचीही किंमत असते. मोबाइलवर नाणी, कपडे, बंदुका विकत घ्यायचा मोह बोटाखालीच असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारला कायदा करून बंदी आणावी लागली. मोबाइल चादरीखाली जातो, हॉलमधला डबा आपल्या डोळ्यांसमोर राहतो. काय चाललंय, कोणाचा नंबर आहे, किती वेळ झाला... पोळ्या लाटतानाही दिसतं!

बहिणीला मी तीनच प्रश्न दिले. तीन वर्षांत खेळांसकट एकूण किती खर्च? डिस्क घेता-विकता येते का? आणि घरातलं कोण-कोण खेळणार? पहिल्या दोहोंची उत्तरं तिने पटापट आणली. तिसऱ्यासाठी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "मला कुठे देणारेय दादा रिमोट?" बहीण फोनवर थोडा वेळ बोललीच नाही. पैसे तिच्या भिशीचे, आणि लेक आधीच खेळाबाहेर!

तेव्हा मैत्रिणींनो, डबा कुठलाही घ्या. त्याच्यासोबत दुसरा कंट्रोलर त्याच दिवशी घ्या. पहिला खेळ असा निवडा, ज्यात दोघं-चौघं एकत्र खेळतील. आणि नंबर लावायचा झाला, तर आधी मुलीचा लावा. जमलं तर त्यानंतरचा आपला!