उन्हाळ्यातच गाठा घुशीचं बीळ



ज्वारी निघाली, कडबा गंजीला लागला, धान्य घरात आलं, की आपण शिवाराकडे पाठ फिरवतो. रोहिणी निघेपर्यंत बांधावर फारसं कोणी फिरकत नाही. उंदीर-घुशीचा बंदोबस्त करायची खरी वेळ हीच, आणि नेमकी हीच आपण वाया घालवतो. औषधाची चौकशी सुरू होते ती ज्वारी पोटरीत आल्यावर किंवा ऊस लोळायला लागल्यावर. तेव्हा शिवारभर हिरवं आणि गोड पसरलेलं असतं. ताटात पुरणपोळी असताना शिळी भाकरी कोण खाईल? घूसही तुमच्या आमिषाला तोंड लावत नाही. शिवाय उभ्या पिकात बीळ दिसत नाही, दिसलं तर उकरता येत नाही.

एप्रिल-मे महिन्यात गोष्ट उलटी होते. मंगळवेढा, बार्शी, मोहोळकडच्या काळ्या रानात तेव्हा खायला काही उरत नाही. रान उघडं पडतं. मधल्या रानातले उंदीर हटत हटत बांध, ओढ्याचा काठ, विहिरीचा धक्का, कडब्याच्या गंजीखालची जागा आणि बारमाही ऊस एवढ्या ठिकाणी गोळा होतात. संख्या कमी, पोट रिकामं आणि बीळ उघड्यावर. जिरायत भागात या दिवसांत त्यांची वीणही मंदावते. पहिला पाऊस पडून हिरवा कोंब फुटला की ती पुन्हा जोर धरते. मात्र उजनीच्या कालव्याखाली, जिथं बारा महिने ऊस उभा असतो, तिथं वीण कधीच थांबत नाही. त्या भागातल्या मंडळींनी जास्तच जागं राहावं.

जरा हिशेब करू. घुशीचा गाभण काळ सुमारे तीन आठवडे, आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं सहज होतात. समजा, मे महिन्यात तुमच्या बांधावर दहा माद्या आहेत. त्या राहू दिल्या तर जुलैपर्यंत एकाच वेतात साठ पिल्लं होतील, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विणायला लागतील. ज्वारी पोटरीत येईल तेव्हा तुम्हाला त्या दहांशी नव्हे, त्यांच्या सगळ्या खानदानाशी झुंजायचं आहे. मे महिन्यात मारलेली एक मादी म्हणजे पुढची केवढी फौज कमी झाली, ते तुम्हीच बघा.

नुकसान फक्त कणसांचं असतं असंही समजू नका. घूस ठिबकच्या नळ्या कुरतडते, शेततळ्याच्या कागदाला भोक पाडते, पाटाच्या भरावात बीळ करून पाणी भलतीकडे नेते. जिरायतदाराला तर याहून मोठा धोका आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर आपल्या जिल्ह्यात गावोगावी बांधबंदिस्ती झाली. त्या बांधाच्या पोटात उन्हाळ्यात पडलेलं बीळ मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला पाण्याची वाट बनतं. पाणी आधी बिळातून झिरपतं, मग भोक मोठं होतं आणि शेवटी बांधच फुटून वाहून जातो. माती जाते ती परत येत नाही.

अमेरिकेत ग्राउंडहॉग नावाचा, मांजरापेक्षा थोराड, असाच शेतात बिळं करणारा प्राणी आहे. तिथले शेतकरी उन्हाळ्यात बंदूक घेऊन त्याची शिकार करतात. तो दिवसा चरतो आणि हिवाळाभर बिळात झोपून राहतो. आपली घूस रात्रीची फिरते, वर्षभर जागी असते आणि दिवसा बाहेर तोंड काढत नाही. तिच्यापुढे बंदुकीचा उपयोग नाही. तिची शिकार कुदळीनं आणि डोक्यानं करायची. आणखी एक गंमत सांगतो. तेलुगूत घुशीला पंदिकोक्कु म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. इंग्रजांनी त्याचंच बँडिकूट केलं. सोलापूर शहरातल्या आपल्या तेलुगू भाषिक विणकर मंडळींना हे नाव सांगावं लागणार नाही.

बीळ ओळखणं

सगळ्या बिळांत घूसच असते असं नाही. तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असेल, माती ओलसर आणि दाणेदार असेल, आणि तोंड आतून मातीनं बुजवलेलं असेल, तर ते घुशीचं. हलक्या जमिनीत, ढीग नसलेलं, दोन-चार तोंडांचं स्वच्छ बीळ दिसलं तर ते बहुधा लांब शेपटीच्या, उड्या मारत पळणाऱ्या उंदराचं असतं. त्याच्या शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका असतो. काळ्या रानाच्या भेगांत मऊ केसांचा लहान शेतउंदीर राहतो. तो स्वतः फारसं उकरत नाही, आयत्या भेगेत संसार मांडतो. उन्हाळी नांगरट खोल केली की त्याचं घर आपोआप मोडतं.

आणि तोंड गुळगुळीत असेल, ताजी माती अजिबात नसेल, जवळ कात पडलेली असेल, तर तिथं हात घालू नका. उन्हात नाग आणि घोणस गारव्यासाठी उंदराच्याच बिळात शिरतात. साप हा उंदीर खाणारा आपला गडी आहे, त्याला मारूही नये. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. सर्पदंशावरची लस तिथं मिळते.

कोणतं बीळ वापरात आहे हे शोधायला साधी युक्ती आहे. संध्याकाळी बांधावरची सगळी तोंडं मातीनं बुजवा आणि सकाळी पुन्हा फेरी मारा. जी उघडी दिसतील ती जिवंत. तिथं काठी रोवून वर चिंधी बांधा. औषध, मजुरी आणि घाम त्या बिळांवरच खर्च करायचा. ओसाड बिळात औषध टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

उकरून धरणं

उकरणं हा सगळ्यात जुना उपाय, आणि माझ्या मते उन्हाळ्यात तोच पहिला. काम पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत आटपावं. चार-पाच माणसं लागतात. आधी आजूबाजूची सगळी तोंडं दगड-मातीनं घट्ट बंद करा. एकच तोंड मोकळं ठेवून तिथं जाळी किंवा पाटी घेऊन एक जण बसवा. मग मुख्य बिळात लवचिक ओली काठी सारत सारत तिच्या मागानं खणत जा, म्हणजे वाट चुकत नाही. आत एक खोली घरट्याची असते आणि एक कोठाराची. कोठारात ज्वारीची कणसं रचून ठेवलेली सापडतात. दुष्काळात लोकांनी तीच काढून पोट भरल्याचं जुनी माणसं सांगतात. घूस अंगावर येते आणि कडकडून चावते, म्हणून हातात जाड मोजे आणि पायात बूट हवेत.

आपल्याकडे वडार समाजातली काही जाणती मंडळी या कामात तरबेज आहेत. मातीवरून ती सांगतात की घूस आत आहे की नाही. त्यांना बोलवावं, मजुरी आधी ठरवून रोख द्यावी. एक गोष्ट मात्र विसरू नका. काही जण धरलेले उंदीर खातात. कोणत्या रानात औषध टाकलं आहे हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. शक्यतो आधी उकरणं आणि मग औषध, हाच क्रम ठेवा.

तामिळनाडूत इरुळ जमातीचे लोक भोक पाडलेल्या मडक्यात गवत पेटवून त्याचा धूर तोंडानं बिळात फुंकत आणि घूस बाहेर काढत. धुरानं माणसाचीच छाती खराब व्हायची, म्हणून पुढे हातानं फिरवायचं धूरयंत्र निघालं. आपल्याकडे धूर करायचाच तर कडबा, पाचट, गंजी यांपासून लांब आणि पाण्याची घागर जवळ ठेवून करा. मे महिन्याच्या वाऱ्यात एका ठिणगीनं गावचा कडबा जातो.

औषध

झिंक फॉस्फाईड हे जालीम विष आहे. पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू निघतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. ते थेट टाकलं तर उंदीर एकदा चाखून सावध होतो आणि महिना-दोन महिने त्या वासाला शिवत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस ज्वारीचा भरडा तेल लावून, बिनविषारी, जिवंत बिळापाशी ठेवा. चटक लागली की मग ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम गोडं तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काठीनं कालवा. हात लावू नका, घरातलं भांडं घेऊ नका. कागदाच्या पुडीत सुमारे १० ग्रॅम बांधून बिळाच्या आत सारा आणि तोंड बुजवून टाका. उघड्यावर ठेवलं तर मोर, कोंबडी, कुत्रं, शेळी यांचा जीव जाईल.

आठवड्यानं पुन्हा तोंडं बुजवून पाहा. जी उघडतील तिथं ब्रोमाडिओलोन वापरा. ०.२५ टक्के भुकटी असेल तर प्रमाण वरच्यासारखंच, म्हणजे एक किलो आमिषात २० ग्रॅम. तयार वड्याही मिळतात. यानं उंदीर चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतो, म्हणून त्याला संशय येत नाही. माणसाच्या पोटात गेल्यास ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन उतारा म्हणून देतात. विष कोणतंही असो, घरगुती उपचार न करता दवाखान्यात जा आणि पाकीट बरोबर न्या.

ट्यूबमधून मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. तिनं यकृत जातं आणि तिलाही उतारा नाही. धान्यातल्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कोणी बिळात टाकायला सांगितल्या तर ऐकू नका. कायद्यानं त्या फक्त सरकारी यंत्रणेनं किंवा परवानाधारक तज्ज्ञांनी वापरायच्या आहेत.

माळकरी मंडळी विचारतात, “गळ्यात तुळशीची माळ, आम्ही जीव कसा मारायचा?” पंढरपूरच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांनी बांधावरचं गवत-झुडूप काढावं, गंजी जमिनीपासून उंच माचणावर रचावी, खोल नांगरट करावी, आणि रानात इंग्रजी टी अक्षरासारखे पक्षीथांबे उभे करावेत. गव्हाणी घुबड त्यावर बसून रात्रभर राखण करतं. घुबडाला अशुभ म्हणून हाकलणाऱ्यांनी एकदा त्याच्या ढोलीखाली पडलेले उंदरांच्या हाडांचे गोळे पाहावेत. बाकीचं काम निसर्गावर सोडावं. त्यानं सगळं संपणार नाही, पण पुष्कळ कमी होईल.

शिकारीच्या भरात इतर जनावरांवर हात टाकू नका. घोरपड, साळिंदर, ससा, मुंगूस, खोकड या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. त्यातले मुंगूस आणि खोकड तर उंदरावरच जगतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास ज्यांची रानं आहेत त्यांनी विषाऐवजी उकरण्यावरच भर द्यावा. विषानं मेलेला उंदीर खाऊन घुबड आणि ससाणेही मरतात.

मेलेले उंदीर हातानं उचलू नका. फावड्यानं गोळा करून हातभर खोल पुरा. आणि औषध टाकलेलं नसताना गावात उंदीर पटापट मरून पडायला लागले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं अंग शोधतात आणि प्लेग असा पसरतो. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले होते. त्याच्या आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला होता. पडक्या, सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती औषधाची नाही. तुम्ही एकट्यानं तुमचा बांध साफ केलात, तर शेजारच्या बांधावरची घूस आठ-पंधरा दिवसांत तुमच्या रिकाम्या बिळात राहायला येते. तिला सात-बारा वाचता येत नाही. म्हणून निदान एका ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या खातेदारांनी एकाच आठवड्यात काम करावं. सामाईक बांधावरून ज्यांचं भांडण आहे त्यांनी निदान घुशीपुरता तह करावा. १ मे च्या ग्रामसभेत हा विषय काढा. ओढा, गायरान आणि पाटकडेची बिळं कोणाच्याच वाट्याची नसतात, ती ग्रामपंचायतीनं घ्यावीत. पहिली फेरी मे च्या पहिल्या पंधरवड्यात आणि दुसरी रोहिणीत, म्हणजे मृगाच्या आत दोन्ही उरकतील.

उकरलेलं प्रत्येक बीळ त्याच दिवशी भरून घ्या. नुसती माती लोटून चालणार नाही. थोडी थोडी माती टाकून धुमसानं ठोकत यावं आणि वरचं तोंड दगड-गोट्यांनी चेपावं. पहिला चांगला पाऊस पडून वापसा आला की बांधावरून एक चक्कर मारा. कुठं माती खचलेली दिसली किंवा ताजा ढीग दिसला, तर लगेच खुणेची काठी रोवा.