घरच्या मिलिंग मशीनचा कीस आणि कॉम्प्रेसरची हवा

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. या पट्ट्यात शेती आणि कारखानदारी शेजारी शेजारी नांदतात. कारखान्यात हात बसलेला मुलगा घरच्या पडवीत लहानसे मिलिंग मशीन मांडतो आणि पंपाचा, पेरणीयंत्राचा एखादा भाग घरीच घडवतो. ही कौतुकाचीच गोष्ट आहे. परंतु काम आटोपल्यावर कॉम्प्रेसरची हवा सोडून मशीन झटकण्याची सवय मात्र धोक्याची आहे.

मिलिंगचा कीस लाकडाच्या भुश्यासारखा मऊ नसतो. कटरचा प्रत्येक दात धातूचा गरम व धारदार तुकडा काढतो. घरगुती कॉम्प्रेसरच्या टाकीत बहुधा 100 पौंडांहून अधिक दाब असतो, तर मोटारीच्या चाकात 30 पौंडांच्या आसपास. एवढ्या जोराची हवा कीस नाहीसा करीत नाही, तो दुसरीकडे नेऊन टाकते.

तो कुठे जातो? पहिला धोका डोळ्यांना. दुसरा मशीनलाच. बारीक कण स्लाइडच्या फटीत व लीड स्क्रूत शिरतात आणि तेलात मिसळून पृष्ठभाग झिजवतात. आपल्याकडील दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणीही साठते. ते रोज काढले नाही तर हवेबरोबर मशीनवर उडून गंज चढवते. तिसरा धोका गोठ्याला. वैरणीत गेलेला अणकुचीदार धातू गाय चारा न निवडता गिळते. तो जाळीदार पोटात अडकतो आणि पोट भेदून हृदयापर्यंतही पोहोचू शकतो. म्हणून मशीन गोठ्यापासून व वैरणीपासून दूर असावे.

मग साफसफाई कशी करावी? प्रथम मशीन बंद करून मेन स्विच काढावा व कटर पूर्ण थांबू द्यावा. लांब तुकडे पकडीने किंवा आकड्याने उचलावेत, हाताने कधीही नाही. बाकीचा कीस ब्रशने ट्रेमध्ये ओढावा. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवावे, मग पिशवी उलटी करून चुंबक काढला की लोखंडाचा कीस पिशवीतच राहतो. ॲल्युमिनियम व पितळ चुंबकाला चिकटत नाहीत, त्यांना ब्रशच हवा. शेवटी पुसून तेलाचा हात द्यावा.

हवा कधीच वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. ॲल्युमिनियम कापताना कीस कटरला चिकटतो. तेथे पक्क्या बसवलेल्या नळीतून बेताची हवा सोडणे उपयोगी पडते, मात्र पुढे पारदर्शक आडोसा हवा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात सफाईच्या हवेचा दाब 30 पौंडांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे, आणि तोही आडोसा व संरक्षक साधने असतील तरच. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमात, कलम 35 मध्ये, उडणाऱ्या कणांपासून डोळे जपण्याची तरतूद केली गेली. घरात निरीक्षक येत नाही, म्हणून घरच्यांनीच नियम पाळावा. रेग्युलेटर बसवावा, बाजूंनी बंद असलेला गॉगल घालावा, मुलांना बाहेर पाठवावे.

हवेने अंगावरचे कपडे झटकू नयेत. जखमेतून हवा कातडीखाली शिरू शकते. थट्टेपायी पार्श्वभागाशी हवा सोडल्याने आतडी फाटून माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. अशी थट्टा कोणी करीत असेल तर तेथेच थांबवावी.

डोळ्यात कण गेल्यास चोळू नये. वरवरचा असेल तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. रुतला असेल तर ओढून काढू नये व डोळा दाबू नये. वर कागदी पेल्याचा आडोसा चिकटवून तडक नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला तर गंजतो, म्हणून दुखणे कमी झाले तरी थांबू नये. कण लोखंडाचा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अशा डोळ्याची एमआरआय तपासणी घातक ठरते.

ब्रशने सफाईला पाच-दहा मिनिटे जास्त लागतील. तेवढा वेळ घरच्या माणसांसाठी आणि गोठ्यातल्या गुरांसाठी अवश्य द्यावा.