सहा महिन्यांची आजी

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने राहू देतो. तेवढ्या मुदतीसाठी पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या कितीतरी आज्या दरवर्षी लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅमला जाऊन येतात. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि नातवंडांसाठी गोष्टींची चार पुस्तकं. नातू इंग्रजीत बोलतो, आजी मराठीत. पहिले आठ दिवस अवघड जातात. मग एका रात्री आजी गोष्ट सांगायला लागते आणि नातू निम्मे शब्द कळत नसतानाही ऐकत राहतो.

या प्रसंगावर ब्रिटनमध्ये चांगलं बालसाहित्य लिहिलं गेलं आहे. भारतीय घरात आणि ब्रिटिश शाळेत एकाच वेळी वाढणाऱ्या मुलांच्या या कादंबऱ्या वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्या मुलांना भारत नकाशातून किंवा सणांतून कळत नाही, तो घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसातून कळतो.

याची सुरुवात उलट्या दिशेने झाली, आणि तीही मुंबईत. रुडयार्ड किपलिंगचा जन्म 30 डिसेंबर 1865चा. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. मुलाला सांभाळायला एक पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक आया होती आणि मीता नावाचा हिंदू नोकर होता. हा मुलगा विचार करायचा तो त्यांच्या भाषेत. आईवडिलांसमोर जाताना त्याला इंग्रजीत बोलायची आठवण करून द्यावी लागे. 1871 साली, सहावं वर्षही पुरं व्हायच्या आत, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये साउथसीला परक्या घरी ठेवलं. तिथली जवळपास सहा वर्षं त्याला आयुष्यभर सलत राहिली. 1888च्या ‘बा बा, ब्लॅक शीप’ या कथेत त्याने ती लिहून काढली. कथा सुरू होते मुंबईत, रात्री पोरांना निजवताना. आया आहे, हमाल आहे, लाल-सोनेरी पागोट्याचा सुरती मीता आहे, आणि पोराला वाघीण झालेल्या राणीची गोष्ट हवी आहे. साउथसीच्या घरात तशी गोष्ट सांगणारं कोणी नसतं. किपलिंगच्या साम्राज्यवादी मतांशी माझं भांडण आहेच, पण ही कथा वाचताना ते बाजूला ठेवावं लागतं. सांभाळणारं माणूस तुटलं की लहान मूल किती उघडं पडतं, हे इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांनी लिहिलं आहे.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेटच्या ‘द सीक्रेट गार्डन’ (1911) मधली मेरीही भारतात जन्मलेली इंग्रज मुलगी. कॉलऱ्याच्या साथीत तिचे आईवडील जातात, आयाही जाते. या आयाला नाव नाही. मेरी बरी होते ती यॉर्कशरच्या वाऱ्यात, आणि भारत हा जणू तिच्या अंगातून काढून टाकायचा आजार. कादंबरी सुंदर आहे, तरी ती बिननावाची आया मला विसरता येत नाही.

पुढची कडी जुळते पुण्यात. फारुख धोंडी 1944 साली पुण्यात जन्मले, कॅम्पातल्या सरबतवाला चौकाच्या परिसरात वाढले, केंब्रिजला शिकले आणि लंडनच्या शाळांत इंग्रजी शिकवू लागले. वर्गात समोर बसलेल्या आशियाई आणि वेस्ट इंडियन पोरांचं जगणं पुस्तकांत कुठे नव्हतं. 1976 साली त्यांचा ‘ईस्ट एंड ॲट युअर फीट’ हा कथासंग्रह आला आणि 1978 साली ‘कम टू मेक्का’. यातली मक्का म्हणजे अरबस्तानातली नव्हे, लंडनचं नाचघर. त्या एका शब्दात दोन जगांची गैरसमजूत मावली आहे. ‘केबीडब्ल्यू’ ही त्यांची कथा मी सगळ्यांत वर ठेवेन. ‘ब्रिटन गोरं ठेवा’ या भिंतीवरच्या घोषणेची ती आद्याक्षरं. कथा सांगतो एक गोरा मुलगा. शेजारी राहायला आलेल्या बांगलादेशी कुटुंबातला मुलगा त्याचा क्रिकेटमधला सोबती. धोंडींनी आपल्या माणसाच्या तोंडून तक्रार मांडली नाही, शेजारच्या गोऱ्या पोराला साक्षीला उभं केलं. ही भीती कल्पनेतली नव्हती. 4 मे 1978 रोजी व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला आणि ईस्ट एंडमधले हजारो लोक रस्त्यावर उतरले.

धोंडींच्या या कथांत आजी-आजोबांना फारशी जागा नाही, आणि मला ते खरं वाटतं. आधी कमावते पुरुष आले, मग बायकामुलं; म्हातारी माणसं गावाकडेच राहिली. धोंडी स्वतः मात्र 1980च्या ‘पूना कंपनी’त मागे वळून पुण्यात आले. आपल्या शहराचं हे बालपण पुण्याच्या वाचकाने शोधून वाचावं.

आजी-आजोबा पानांवर आले ते नव्वदच्या दशकात. जमिला गॅव्हिन यांचा जन्म 1941 साली मसुरीला, वडील भारतीय आणि आई इंग्रज. ‘द व्हील ऑफ सूर्या’ (1992) मध्ये त्यांनी फाळणीच्या आगीतून निघून वडिलांना शोधत इंग्लंड गाठणारी मार्विंदर आणि जसपाल ही पंजाबी भावंडं उभी केली. मग लगेच, 1993 साली, लहानांसाठी ‘ग्रँडपा चॅटर्जी’. नीतू आणि संजयला दोन आजोबा. एक लेस्टरचे, शिस्तीचे, ज्यांच्यासमोर जपून वागावं लागतं असे. दुसरे आईचे वडील, कलकत्त्याहून येणारे. हे दुसरे आजोबा घरात शिरतात आणि पोरांना आपलंच घर नव्याने दिसायला लागतं.

मीरा स्याल यांची ‘अनिता अँड मी’ (1996) थोड्या मोठ्या मुलांची, आणि या सगळ्यांत मला सर्वांत जवळची. स्याल यांचा जन्म 1961चा, वुल्वरहॅम्प्टनचा. याच शहरातून निवडून आलेल्या इनॉक पॉवेल यांनी 1968 साली स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं. कादंबरीतली नऊ वर्षांची मीना जुन्या खाणगावात राहते. तिला अनिता या गोऱ्या, धीट मुलीसारखं व्हायचं आहे. त्यासाठी ती थापा मारते, चोरी करते. मग पंजाबहून नानीमा येते. मीनाला पंजाबी धड येत नाही आणि पहिल्यांदाच त्याची खंत वाटते. भारतात सैनिक म्हणून राहिलेला गावातला एक गोरा म्हातारा मात्र नानीमाशी चक्क पंजाबीत बोलतो! आपल्या भाषेचं दार शेजाऱ्याला उघडतं आणि आपण बाहेर उभे, ही मीनाची अवस्था परदेशातल्या कितीतरी मराठी मुलांची आहे. ब्रिटनमधल्या शाळांत ही कादंबरी जीसीएसई परीक्षेसाठी अभ्यासतात.

जसबिंदर बिलन यांच्या ‘आशा अँड द स्पिरिट बर्ड’ (2019) मध्ये आजी हयात नाही. हिमालयाच्या पायथ्याची आशा शहरात गेलेल्या वडिलांच्या शोधात निघते आणि डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या गिधाडात तिला आपली नानीजी दिसते. लेखिका लहानपणापासून नॉटिंगहॅमला वाढल्या, घरात आजीच्या गोष्टी ऐकत. या कादंबरीला कॉस्टा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी सेरेना पटेल यांची बालगुप्तहेर अनिशा आली. ऐन लग्नाच्या तोंडावर मावशीचा नवरदेव पळवला जातो आणि अनिशा तपासाला लागते. या घरातली ग्रॅनी जस पाहुणी नाही. ती तिथलीच आहे, नातीच्या उद्योगांत हौसेने सामील होणारी. बिननावाच्या आयापासून इथवर यायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

अशी पुस्तकं अजून पुरेशी नाहीत. लंडनच्या ‘सेंटर फॉर लिटरसी इन प्रायमरी एज्युकेशन’ या संस्थेने 2017 साली ब्रिटनमध्ये निघालेली बालपुस्तकं तपासली. आशियाई, कृष्णवर्णीय वा अन्य अल्पसंख्य वंशांची पात्रं असलेली पुस्तकं निघाली 4 टक्के, आणि असं मूल मुख्य पात्र असलेली फक्त 1 टक्का. शाळांतली जवळपास तिसरा हिस्सा मुलं या समाजांतली होती. 2022च्या पाहणीत पहिला आकडा 30 टक्क्यांवर गेला आणि 2023च्या पाहणीत 17 वर घसरला. त्यातही ज्यांचं नाव घ्यावं अशी पुस्तकं बहुतेक पंजाबी, बंगाली, गुजराती घरांची. महाराष्ट्र मंडळ लंडनची स्थापना 1932ची. इतकी जुनी वस्ती असून तिथे वाढलेल्या मराठी मुलाची अशी गाजलेली कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. ती कोणीतरी लिहायला हवी, आणि बहुधा ती आज तिथे शाळेत जाणारंच कोणी लिहील.

तेव्हा यंदा जाणार असाल तर नातवंडाचा हात धरून जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जा. तिथे पुस्तकं फुकट घरी नेता येतात. अनिशा मागा, चॅटर्जी आजोबा मागा. नातवंडाला ते इंग्रजीत मोठ्याने वाचायला सांगा, अडेल तिथे अर्थ विचारा. त्याचं वाचून झालं की तुमची गोष्ट मराठीत सांगा.