मोसंबीच्या फळगळीला आधार क्रमांक कशाला?

असा एक मेसेज डोळ्यांसमोर आणा. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले एक मोसंबी बागायतदार, वय साठीच्या घरातलं. पुतण्याने मोबाइलमध्ये टाकून दिलेल्या एआय सहायकाला ते बोलून सांगताहेत: "माझं नाव अमुक, गाव अमुक, गट नंबर एवढा. आधार नंबर हा, पासबुकाचा फोटोही जोडलाय. आठ वर्षांची बाग आहे, मृग बहाराची फळं गळायला लागलीत. काय फवारू?"

आता यातलं उत्तरासाठी लागणारं तेवढंच वेचून घ्या. झाडाचं वय आणि बहार. फळ केवढं असताना गळतंय, देठाजवळ काळं पडलंय की सालीवर बारीक छिद्र आहे. पाणी शेवटचं कधी दिलं, जमीन भारी की हलकी. संपलं. नाव काढून टाकलं तरी फळ गळायचं कारण तेच राहतं. पासबुकाचा तर फवारणीशी काडीचा संबंध नाही. तरीही माणूस ते देतो, कारण सरकारी कामाची सवय तशी आहे: खिडकीवर गेलं की आधी कागद द्यायचे, मग काम सांगायचं. एआयच्या बाबतीत ही सवय उलटी करावी लागते. प्रश्न मोकळेपणी विचारायचा आणि ओळख मात्र स्वतःजवळ ठेवायची.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटी आणि जिओने जेमिनी यांच्या सशुल्क आवृत्त्या ग्राहकांना ठरावीक काळासाठी मोफत दिल्या. त्याच वर्षी राज्याच्या कृषी विभागाने मराठीत उत्तरं देणारं महाविस्तार अ‍ॅप आणलं. म्हणजे हे साधन आता बांधावर पोचलं आहे. त्याच्याबरोबर आलेले गैरसमजही तिथवर पोचलेत. ते एकेक करून पाहू.

गैरसमज १: "मी माझ्या फोनशी बोलतोय. तिसऱ्याला काय कळतंय?"

वस्तुस्थिती: उत्तर फोनमध्ये तयार होत नाही. तुमचं वाक्य इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकावर जातं, उत्तर तिथे तयार होतं, आणि ते बोलणं तिथे साठवलंही जातं. बऱ्याच सेवांमध्ये तुम्ही स्वतः बंद केलं नाही, तर त्याचा उपयोग पुढची आवृत्ती शिकवण्यासाठी होऊ शकतो. काही संवाद तपासणीसाठी माणसंही वाचतात. तपासणाऱ्याने पाहू नये असं तुम्हाला वाटतं ते इथे लिहू नका, असं गूगल स्वतःच जेमिनी वापरणाऱ्यांना सांगतं.

चूक तर कोणाकडूनही होते. २० मार्च २०२३ रोजी एका बिघाडामुळे चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संवादांची शीर्षकं दिसू लागली. त्या वेळी पैसे भरून वापरत असलेल्यांपैकी सुमारे १.२ टक्के लोकांची नावं, ईमेल पत्ते आणि कार्डाचे शेवटचे चार अंक असा तपशील इतरांना दिसण्याची शक्यता निर्माण झाली होती. कंपनीने हे जाहीरपणे मान्य केलं. बिघाड दुरुस्त झाला, पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: जे लिहिलंच नाही, ते कुठल्याही बिघाडात बाहेर पडत नाही.

गैरसमज २: "व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, म्हणजे कुलूपबंद आहे."

वस्तुस्थिती: दोन माणसांमधले व्हॉट्सअ‍ॅप संदेश कुलूपबंद असतात. पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण त्याच अ‍ॅपमधल्या निळ्या गोलावर बोट ठेवून तुम्ही मेटा एआयशी बोलता, तेव्हा समोरचा "घेणारा" कंपनीच असते. संदेश तिच्याकडे गेल्याशिवाय उत्तर येणारच कसं? भावकीच्या ग्रुपवर कोणी मेटा एआयला हाक मारून प्रश्न विचारला, तर तो प्रश्नही तिकडे जातो. पडदा तोच, हिरवा रंगही तोच, म्हणून फरक जाणवत नाही. दारावर कुलूप आहे खरं, पण इथे कंपनीलाच आपण घरात बोलावलेलं असतं.

गैरसमज ३: "डिलीट केलं की विषय संपला."

वस्तुस्थिती: तुमच्या पडद्यावरून तो संवाद लगेच जातो. कंपनीच्या साठ्यातून जायला वेळ लागतो. चॅटजीपीटीत पुसलेला संवाद साधारणपणे ३० दिवसांत काढला जातो. जेमिनीतला जो संवाद माणसाने तपासायला घेतला, तो तुम्ही पुसला तरी ३ वर्षांपर्यंत राहू शकतो, मात्र तुमच्या खात्यापासून वेगळा करून. कधी न्यायालय मध्ये येतं. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या खटल्यात मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने चॅटजीपीटीच्या कंपनीला पुसलेले संवादही जपून ठेवायला सांगितलं होतं. तो आदेश त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठला. तरी मधल्या काळात "मी पुसलं होतं" या वाक्याला अर्थ नव्हता.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो पाच जण हाताळतात. सेतू केंद्रातल्या संगणकावर खातं उघडून काम झालं की माणूस तसाच उठतो. बायकोने विचारलेला दुखण्याचा प्रश्न, मुलाने केलेली कर्जाची चौकशी, सगळं पुढच्याला दिसतं. दूरच्या कंपनीइतकीच ही जवळची गळतीही भोवते. दुसऱ्याच्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करूनच उठा.

गैरसमज ४: "लिंक फक्त भाच्याला पाठवली होती."

वस्तुस्थिती: संवाद शेअर केला की त्याचं इंटरनेटवर एक पान तयार होतं, आणि लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला ते उघडता येतं. २०२५ च्या जुलैअखेर चॅटजीपीटीवरचे असे हजारो संवाद गूगलच्या शोधात सापडले. शेअर करताना "शोधात दिसू द्या" अशा अर्थाच्या पर्यायावर लोकांनी खूण केली होती. त्याचा अर्थ अनेकांच्या लक्षातच आला नव्हता. कंपनीने तो पर्याय काढून टाकला. नंतर ग्रोक या दुसऱ्या एआय सहायकाचे शेअर केलेले संवादही शोधात सापडले. भाच्याला उत्तर दाखवायचं असेल तर तेवढा मजकूर कॉपी करून पाठवा.

गैरसमज ५: "डॉक्टर-वकिलाला सांगतो तसंच हे."

वस्तुस्थिती: वकिलाला अशिलाने सांगितलेलं गुपित कायद्याने जपलं जातं. डॉक्टरवरही रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन असतं. एआय सहायकाशी झालेल्या बोलण्याला तसं संरक्षण नाही. चॅटजीपीटीच्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये ही उणीव बोलून दाखवली. न्यायालयाने मागितलं तर हे संवाद द्यावे लागू शकतात.

हे सांगताना मला संकोच होतो, कारण रात्री झोप न येणारा माणूस कोणाकडे मन मोकळं करतो, हे ठरवणारा मी कोण? कर्ज आणि नापिकीचं ओझं मराठवाड्याला नवं नाही. जिथे माणसाला सांगायची लाज वाटते, तिथे यंत्राला सांगणं सोपं जातं. म्हणून "बोलू नका" असं मी म्हणणार नाही. बोला, पण स्वतःचं नाव, सावकाराचं नाव, गाव न घालता बोला. आणि जीव नकोसा वाटत असेल तर यंत्रावर थांबू नका. टेलिमानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन माणूस जोडून देते.

गैरसमज ६: "आमच्यासारख्या साध्या माणसाची माहिती घेऊन कोण काय करणार?"

वस्तुस्थिती: याचं उत्तर द्यायला परदेशात जायची गरज नाही. अतिवृष्टीच्या अनुदानातला घोटाळा २०२५ मध्ये ज्या तालुक्यांत गाजला, ते अंबड आणि घनसावंगीच. बोगस नावांवर पैसे उचलल्याचं चौकशीत पुढे आलं आणि लॉगिन-पासवर्डच्या गैरवापराची चर्चा गावोगाव झाली. त्यात एआयचा हात नव्हता. पण नाव, क्षेत्र, खातं आणि पासवर्ड एकत्र आले की त्यातून पैसा निघतो, हे आपल्या तालुक्याने जवळून पाहिलं आहे.

आता शेतकरी ओळख क्रमांकाला जमीन आणि आधार जोडलेले आहेत. हा क्रमांक, सातबारा, पासबुक आणि मोबाइल नंबर एकाच्या हाती पडले, तर तो बँकेच्या माणसासारखं बोलू शकतो. "तुमच्या अमुक गटाचा विमा मंजूर झालाय, फक्त ओटीपी सांगा." गट नंबर बरोबर निघाला की माणूस विश्वास ठेवतो. फसवणुकीची सुरुवात अशा खऱ्या तपशिलानेच होते.

गैरसमज ७: "नाव सरकारी आहे, म्हणजे अ‍ॅप सरकारी."

वस्तुस्थिती: पीएम किसानच्या, आरटीओ चलनाच्या, लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके (थेट अ‍ॅप बसवणाऱ्या) फाइलींनी किती तरी खाती रिकामी केली आहेत. अशी फाइल फोनमधले एसएमएस वाचते आणि ओटीपी परस्पर उचलते. एआयच्या नावानेही असेच सापळे लावले जातात. अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या, बनवणाऱ्याचं नाव वाचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके कधीच उघडू नका. पिकाचा सल्ला देणारं अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल, तर तिथेच थांबा.

गैरसमज ८: "माहिती माझी नाही, यादी तर ऑफिसची आहे."

वस्तुस्थिती: मग जबाबदारी दुप्पट होते. शिक्षक विद्यार्थ्यांच्या नाव-जातीसह याद्या एआयकडून नीट मांडून घेतात, आशाताई गरोदर मातांची नोंद लिहून काढायला सांगतात, सोसायटीचा सचिव थकबाकीदारांचा तक्ता जोडतो. हेतू चांगलाच असतो, काम वाचावं एवढाच. पण त्या माणसांनी परवानगी दिलेली नसते. सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा गोपनीय मजकूर चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला ते वापरणं बंद करावं लागलं. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं टाळायला सांगितलं. उपाय सोपा आहे. नावांच्या जागी "विद्यार्थी १, विद्यार्थी २" लिहा, तक्ता तयार करून घ्या आणि नावं नंतर स्वतः भरा.

गैरसमज ९: "कायदा आहे ना, तो बघून घेईल."

वस्तुस्थिती: कायदा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. आपली कोणती माहिती आहे ते विचारणं, ती दुरुस्त करून किंवा पुसून घेणं, तक्रार करणं हे हक्क त्यात आहेत. माहिती सांभाळण्यात कुचराई केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड कंपनीला होतो आणि बाहेर गेलेली माहिती परत येत नाही. कायदा कुंपणासारखा आहे. राखण आपल्यालाच करावी लागते.

गैरसमज १०: "एवढी भीती असेल तर हे वापरूच नये."

वस्तुस्थिती: हा सगळ्यात तोट्याचा गैरसमज. बँकेचं किचकट पत्र सोप्या मराठीत समजून घ्यायला, तहसीलदारांना अर्ज लिहायला, लेकीला गणित समजावायला हे साधन खरोखर कामाचं आहे. शहरात ज्याला सल्ला सहज मिळतो त्याच्यापेक्षा, ज्याला मिळत नाही त्याला याची गरज जास्त आहे. फक्त औषधाची मात्रा त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठरवू नका. यंत्र चुकीचं उत्तरही ठामपणे देतं. ते उत्तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, मगच पंप पाठीला लावा.

मेसेज पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा तपशील काढला तर उत्तर बदलेल का? बदलत नसेल तर काढा. सुरुवातीचा मेसेज मग असा होतो: "आठ वर्षांची मोसंबी, मृग बहार, भारी जमीन. लिंबाएवढी फळं गळताहेत, देठाशी काळी पडलीत. आठ दिवस सलग पाऊस झाला. कारण काय असेल आणि कृषी अधिकाऱ्यांना काय विचारू?" फोटो काढलात तर फळाचा काढा. मागे पडलेलं पासबुक त्यात येऊ देऊ नका. कुठे आधार द्यावाच लागला तर शेवटचे चार अंकच दाखवणारा मास्क्ड आधार द्या.

आणि माहिती आधीच देऊन बसला असाल तर घाबरू नका. तो संवाद पुसा, पासवर्ड बदला, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर तासभरही न थांबता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटचं काम पुतण्यांचं आणि भाच्यांचं आहे. काकांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकायला तुम्हाला दोन मिनिटं लागली. आता दहा मिनिटं त्यांच्याशेजारी बसा. सेटिंग्जमध्ये जाऊन "माझं बोलणं शिकवण्यासाठी वापरा" या अर्थाचं बटण बंद करा, शेअर केलेल्या लिंक आहेत का ते पाहा, मायक्रोफोन आणि लोकेशनच्या परवानग्या तपासा. मग त्यांच्याकडून एक प्रश्न लिहून घ्या, नाव-गावाशिवाय. बागेबद्दलच विचारायला लावा. त्यांना त्यात तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि उत्तर चुकलं तर तेच आधी ओळखतील.