वारा सुटला की ताडपत्री का फाटते? उत्तर आहे पंक्चरच्या दुकानातल्या जुन्या ट्यूबमध्ये!

ऑक्टोबर महिना. परभणी जिल्ह्यात सेलूपासून गंगाखेडपर्यंत कुठेही जा, काढलेल्या सोयाबीनच्या गंजी शेतात उभ्या असतात आणि त्यांच्यावर निळ्या, पिवळ्या, काळ्या ताडपत्र्या असतात. मळणीयंत्राचा नंबर अजून लागलेला नसतो. अशात संध्याकाळी पश्चिमेला ढग दाटून येतात, पाच मिनिटं सोसाट्याचा वारा सुटतो आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून 'फट्' असा आवाज येतो. मग पाऊस थेट गंजीत. भिजलेल्या शेंगांमधलं बी डागी होतं, काळं पडतं, कधी तिथेच मोड येतात. हमीभावाच्या खरेदीला साधारण 12 टक्क्यांच्या आत ओलावा लागतो, त्यामुळे असा माल केंद्रावरून परत येतो किंवा व्यापारी भाव पाडून मागतो. सगळ्या हंगामाचं गणित त्या एका कोपऱ्यावर अडलेलं असतं.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला विचार असतो, "ताडपत्री हलकी निघाली." दुसरा विचार, "पुढच्या वेळी दोरी आणखी घट्ट बांधायची." गंमत अशी, की बऱ्याचदा दोरी घट्ट आणि ताठ असणं हेच फाटण्याचं कारण असतं.

वारा ढकलत नाही, हिसका देतो

आधी थोडा हिशेब. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी 30 किलोमीटरचा वारा समोरून आला तर एका चौरस मीटरवर साधारण 4 किलोचा भार पडतो. ताशी 60 किलोमीटरला तोच भार 17 किलोच्या आसपास जातो. 15 बाय 20 फुटांची ताडपत्री म्हणजे जवळजवळ 28 चौरस मीटर कापड. वारा तिच्यावर सरळ आदळला तर एकूण भार पावणेपाचशे किलोच्या घरात जातो! गंजीवर पसरलेल्या ताडपत्रीवर तो पूर्ण कधीच पडत नाही, पण निम्मा पडला तरी आठ-दहा दोऱ्यांनी तो वाटून घ्यायचा असतो.

एवढा भार चांगली ताडपत्री सोसूही शकते, तो हळूहळू आला तर. पण वादळातला वारा झोतांनी येतो. झोत ओसरला की कापड सैल पडतं, पुढचा झोत आला की ते फुगून वर उचललं जातं आणि दोरीच्या टोकाला जाऊन खाडकन थांबतं. यंत्रशास्त्रातला जुना नियम आहे: तोच भार हळूच ठेवण्याऐवजी एकदम सोडला, तर क्षणभर बसणारा ताण दुप्पट होतो. आणि दोरीत आधी सैलपणा असेल तर दुपटीहूनही जास्त. भरलेली बादली दोरीने विहिरीत हळू सोडली तर काही होत नाही, पण दोन हात खाली पडून दोरीने अडवली तर कडी तुटते. त्यातलाच हा प्रकार.

हा हिसका शेवटी सगळ्यात कमजोर जागी जातो. ती जागा म्हणजे ताडपत्रीच्या कडेची गोल रिंग, नाहीतर जमिनीतली खुंटी.

मग रबर काय करतं?

मोटारसायकल खड्ड्यात गेल्यावर शॉकॲब्सॉर्बर जे करतो तेच. धावत्या वस्तूला 1 सेंटीमीटरमध्ये थांबवायचं असेल तर प्रचंड बळ लागतं. तीच वस्तू 15 सेंटीमीटरमध्ये थांबवली तर सरासरी बळ पंधरा पटींनी कमी होतं. दोरीत लवचिक तुकडा घातला की कापडाला थांबायला तेवढी जागा मिळते.

गिर्यारोहकांच्या दोऱ्या याच तत्त्वावर बनवलेल्या असतात. त्या नायलॉनच्या असतात आणि मुद्दाम ताणल्या जातील अशा विणतात. ताठ दोरीने पडणारा माणूस थांबला खरा, पण त्याचा कणा शाबूत राहायचा नाही. जहाजं आणि होड्या धक्क्याला बांधतानाही दोरात रबराचे जाड तुकडे घालायची पद्धत आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. रबर वाऱ्याचा एकूण जोर कमी करत नाही, फक्त हिसका मोडतं. ताडपत्री मुळातच जीर्ण असेल तर ट्यूब तिला वाचवणार नाही.

सायकल-मोटारसायकलची जुनी ट्यूब या कामाला उत्तम, आणि त्याला कारण आहे. बऱ्याच ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात. हवा धरून ठेवण्यासाठी हे रबर वापरतात, पण त्याचा आणखी एक गुण म्हणजे ते उसळी कमी मारतं. ताणल्यावर मिळालेल्या ऊर्जेचा बराच भाग ते उष्णतेत घालवतं, त्यामुळे ताडपत्री स्प्रिंगसारखी मागेपुढे नाचत बसत नाही. ऊन आणि ओझोनलाही ते नैसर्गिक रबरापेक्षा जास्त टिकतं.

बनवायचं कसं?

सगळ्यात महत्त्वाचं आधी: दोरी कापून तिच्या जागी रबर घालायचं नाही. दोरी अखंड ठेवायची आणि रबर तिला समांतर जोडायचं. उद्या रबर तुटलं तरी दोरी शाबूत राहिली पाहिजे.

ट्यूबचा दीड फुटाचा तुकडा कापा. वॉल्व्हचा भाग आणि पंक्चर काढलेली जागा टाळा. सायकलच्या ट्यूबला दोन्ही टोकांना साधी गाठ मारता येते, मध्ये साधारण 20 सेंटीमीटर मोकळी राहिली पाहिजे. मोटारसायकलची ट्यूब जाड असते, तिची गाठ नीट बसत नाही, म्हणून टोक दुमडून त्यावर सुतळीचे घट्ट वेढे द्या. आता ट्यूबचं एक टोक दोरीला बांधा, फास गाठीच्या किंवा दुमडीच्या मागे बसला पाहिजे, म्हणजे सरकत नाही. तिथून दोरीवर 35 सेंटीमीटर मोजा आणि दुसरं टोक तिथे बांधा. ट्यूब 20 ची, दोरी 35 ची, म्हणजे दोरीला मध्ये झोळ पडेल. तो झोळ हवाच आहे! झोत आला की ट्यूब ताणते, झोळ संपला की दोरी भार घेते, आणि ट्यूब तुटेपर्यंत कधीच ताणली जात नाही.

जोड खुंटीच्या बाजूला ठेवावा, ताडपत्रीच्या बाजूला नको. काही निसटलंच तर ते जमिनीजवळ निसटेल, तोंडावर नाही.

ट्यूब कितपत जाड हवी? यासाठी बादलीची चाचणी पुरते. तयार जोड झाडाच्या फांदीला टांगा आणि खाली 10 लिटर पाण्याची बादली अडकवा. सायकलची एकेरी ट्यूब 20 ची 28-30 झाली आणि झोळ अजून शिल्लक असेल, तर ती लहान ताडपत्रीला, अंगणातल्या सावलीला किंवा गाडीवरच्या झाकणाला चालेल. गंजीवरच्या मोठ्या ताडपत्रीला मात्र ती लगेच संपते. तिथे मोटारसायकलची ट्यूब घ्या किंवा सायकलचे तीन तुकडे शेजारी-शेजारी लावा, आणि चाचणी 20 लिटरच्या भरलेल्या कॅनने करा. झोळ तेव्हाही उरला पाहिजे.

इथेच बहुतेकांचं चुकतं

रबर लावलंय म्हणून दोरी सैल सोडली जाते. मग कापड रात्रभर फडफडतं, आणि सततची फडफड हिसक्याइतकीच वाईट. घड्यांवर ताडपत्रीचा वरचा थर उडतो आणि पाणी झिरपू लागतं. म्हणून बांधतानाच ट्यूब थोडी ताणलेली हवी, 20 ची 24-25 होईल एवढी.

दुसरी चूक, सगळा भार त्या एका रिंगवर टाकायचा. रिंग आधीच निघाली असेल तर आतल्या बाजूने लिंबाएवढा गुळगुळीत खडा ठेवा, कापड त्याच्याभोवती गोळा करा आणि त्या मानेला दोरी बांधा. ताण कापडाच्या मोठ्या भागावर वाटला जातो. फाटक्या ताडपत्रीचंही आयुष्य यामुळे एखाद-दोन हंगामांनी वाढू शकतं.

तिसरी गोष्ट काळ्या मातीची. परभणीच्या भारी जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाऊस पडला की तीच माती फुगून लोण्यासारखी होते. वीतभर खुंटी त्यात काय टिकणार? खुंटी दोन फुटांची घ्या आणि डोकं ताडपत्रीपासून दूर कललेलं ठेवा. त्याहून पक्का उपाय म्हणजे मातीने अर्धं भरलेलं पोतं दीड फूट खोल पुरून त्याला दोरी बांधणं. पोत्याला उपटून येण्यासाठी वरची सगळी माती उचलावी लागते.

ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोप्यांनाही हेच लागू पडतं. सोनपेठ, गंगाखेड, पाथरीकडची कितीतरी माणसं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात आणि पुढचे काही महिने बांबू-काठ्यांवर ताणलेल्या कागदाखाली राहतात. तिथे गाडीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधाबांधीला वापरतातच, फक्त त्या झोळ ठेवून लावल्या तर रात्रीच्या वाऱ्यात कागद टराटर फाटायचा बराचसा वाचेल. वाकणारा बांबू मुळातच थोडा धक्का पचवतो. लोखंडी पाइप तेवढाही पचवत नाही.

ट्यूब नसेल तर?

ट्यूबलेस टायर आल्यापासून जुन्या ट्यूबही पूर्वीइतक्या सहज मिळत नाहीत म्हणा. मग दोरीच्या मध्यावर पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगा. वजनाने दोरी खाली झुकते, झोत आला की आधी कॅन वर उचलला जातो आणि हिसक्याचं बळ तिथे खर्च होतं. जहाजाच्या नांगराच्या दोरावर वजन सोडतात ते याचसाठी. दगड टांगू नका, सुटला तर तो कुणाला तरी लागतो.

दुचाकीवर सामान बांधायची हूकवाली लवचिक दोरीही टाळलेली बरी. ताणलेली असताना हूक उघडला तर तो थेट डोळ्याकडे येतो, आणि अशा जखमांनी दृष्टी गेल्याची उदाहरणं नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेली आहेत.

तसंच वादळ सुरू झाल्यावर ताडपत्री धरायला शेतात धावू नये. ढगांचा गडगडाट ऐकू येत असेल तर वीज पडण्याइतकी जवळ असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देतं, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून हवामानाचा कृषी सल्लाही प्रसिद्ध होतो. दोऱ्या तपासायच्या त्या इशारा आल्यावर, ढग यायच्या आधी. त्या वेळी ट्यूब हाताने ताणून पाहावी. पृष्ठभागावर बारीक आडव्या भेगा दिसल्या की ती बदलायची, पंक्चरच्या दुकानात दुसरी मिळेल.