सगळा दोष शॉर्टसर्किटवर

१९ मार्च २०२५ च्या सकाळी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना कामावर नेणारी मिनीबस पेटली आणि चौघांचा जीव गेला. पहिल्या काही तासांत सगळीकडे एकच कारण फिरत होते: शॉर्टसर्किट. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितले की चालकानेच ज्वलनशील रसायनाने आग लावल्याचे तपासात दिसते आहे. तोवर किती जणांनी मान डोलावून विषय संपवलाही होता!

बस म्हणजे वर्कशॉप नव्हे, हे मान्य. पण सवय तीच. भोसरी, चिखली, तळवडे, चाकण या पट्ट्यात पॅनेल वायरिंगचे, पीसीबी असेंब्लीचे, चार्जर दुरुस्तीचे कितीतरी छोटे गाळे आहेत. चार जणांनी मिळून भाडे भरायचे आणि एकच टेबल, एकच ऑसिलोस्कोप वापरायचा, अशा सामायिक लॅबही आहेत. तिथे आग लागली की 'शॉर्टसर्किट' म्हटले जाते आणि पुढचे प्रश्न थांबतात. जणू वीज कोसळली. त्याला कोण काय करणार?

"एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही."

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. एमसीबी दोन गोष्टी ओळखतो: क्षमतेपेक्षा जास्त आणि बराच वेळ वाहिलेला प्रवाह आणि एकदम उसळलेला प्रवाह. म्हणजे खरे शॉर्टसर्किट झाले तर धडधाकट एमसीबी क्षणात पडतो. त्याला दिसत नाही तो ढिला जोड.

हिशेब करून पाहा. २००० वॅटची हीट गन २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेते. ज्या सॉकेटला ती लावली आहे त्याची पकड सैल झाली आणि तिथे फक्त ०.३ ओहमचा रोध आला, तर त्या एका बिंदूवर सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. २५ वॅट म्हणजे नेमका आपल्या हातातला साधा सोल्डरिंग आयर्न. असा एक आयर्न प्लास्टिकच्या बोर्डात, प्लायच्या मागे, तासन्‌तास चालू आहे असे समजा. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने मात्र ९ अँपिअर म्हणजे सगळे आलबेल. प्लास्टिक तपकिरी होते, वितळते, पेट घेते, आतल्या तारा एकमेकींना चिकटतात आणि तेव्हा कुठे शॉर्टसर्किट होऊन एमसीबी पडतो. जळालेल्या गाळ्यात मग शॉर्टसर्किटच्या खुणा सापडतात. त्या खऱ्याच असतात; फक्त ते आगीचे कारण की परिणाम, हे नुसत्या खुणा पाहून सांगता येत नाही.

मग उपाय काय? तो फार शास्त्रीय नाही. दिवसाचे काम संपताना प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड हाताने चाचपा. गरम लागला, डाग पडला, जळका वास आला की बदला. टेप गुंडाळू नका. वर्षातून एकदा मेन बंद करून वायरमनकडून डीबीचे (वितरण पेटीचे) स्क्रू घट्ट करून घ्या. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही हवाच, पण तो माणसाला झटक्यापासून वाचवण्यासाठी. फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाह सारखाच असेल तर ढिला जोड त्यालाही कळत नाही.

"बारा व्होल्टने काय होतंय?"

झटका बसत नाही, हे खरे. आग लागते. १२ व्होल्टच्या चांगल्या लेड-ॲसिड बॅटरीचे दोन टर्मिनल पान्याने जोडले गेले तर शेकडो अँपिअर वाहू शकतात. पाना लाल होतो, बारीक तारेचे इन्शुलेशन क्षणात वितळते. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज लावणे हा गाडीच्या वायरिंगमधला जुना नियम आहे. चाकणला दिवसभर हेच काम करणारी माणसे संध्याकाळी स्वतःच्या टेबलावर तो विसरतात, याचे नवल वाटते.

"लिथियमवर पाणी टाकलं तर भडका उडतो."

शाळेत पाण्यावर नाचणारा सोडियमचा तुकडा पाहिलेला असतो, त्याची ही आठवण. पण लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम असते ते संयुगांच्या रूपात. नेहमीच्या वापरातल्या सेलमध्ये धातूचा गोळा नसतो. असा सेल बिघडला की आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, ती शेजारच्या सेलला तापवते आणि साखळी सुरू होते. ती तोडायला गारवा लागतो, आणि गारवा देण्यात पाण्याइतके स्वस्त, मुबलक काही नाही. पावडरने ज्वाळा विझलेली दिसते, पण सेल गरमच राहतो आणि पुन्हा पेटतो. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी.

लोहगाव भागात मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. पण मानक कारखान्यातून निघणाऱ्या पॅकला लागू. टेबलावर उघडलेल्या, निम्मे सेल बदललेल्या, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट) बाजूला काढून थेट चार्ज केलेल्या पॅकला कोणते मानक? आकुर्डीत २०२२ पासून इलेक्ट्रिक चेतकचा स्वतंत्र कारखाना चालतो आहे. गाड्या वाढल्या तसे दुरुस्तीला येणारे पॅकही वाढणारच.

तेव्हा एवढे पाळा. फुगलेला सेल दाबून पाहू नका, चार्ज तर मुळीच करू नका. चार्जिंग दाराच्या वाटेत किंवा जिन्याखाली नको. दाराशीच आग लागली तर बाहेर कुठून पडणार? एकटा सुटा सेल पेटला आणि विजेचा पुरवठा बंद केलेला असेल तर भरपूर पाणी ओता. मोठा पॅक पेटला तर शूरपणा करू नका. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. बाहेर पडा, १०१ किंवा ११२ लावा आणि 'बॅटरी जळते आहे' हे स्पष्ट सांगा, म्हणजे जवान त्या तयारीने येतील.

"एबीसी सिलिंडरमधला सी म्हणजे करंट."

अमेरिकेत सी वर्ग विजेच्या उपकरणांच्या आगीसाठी आहे. आपल्याकडच्या वर्गवारीत ए म्हणजे लाकूड-कागदासारखे घन पदार्थ, बी म्हणजे द्रव, सी म्हणजे वायू आणि डी म्हणजे धातू. विजेला वेगळे अक्षर नाही, कारण पुरवठा तोडला की उरते ती नेहमीचीच आग. एबीसी पावडर वीज वाहून नेत नाही, म्हणून ती चालते. आधी मेन स्विच, मग सिलिंडर, हा क्रम मात्र चुकवू नका. सिलिंडर कपाटामागे असेल तर तो नसल्यातच जमा.

"आयपीए म्हणजे नुसतं बोर्ड पुसायचं पाणी."

आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाष्पे सुमारे १२ अंश सेल्सिअसपासूनच पेट घेऊ शकतात. म्हणजे थंडीतली एखादी पहाट सोडली तर आपल्याकडे वर्षभर. ही बाष्पे हवेपेक्षा जड असतात, टेबलावरून खाली उतरून पसरतात आणि स्विचची ठिणगीही त्यांना पुरते. टेबलावर लहान पंपाची बाटली ठेवा, कॅन बाहेर. थिनरलाही हेच लागू.

"काम तर किरकोळ आहे, त्यात कसली आग?"

तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ रोजी आग लागली ती केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या गाळ्यात. वस्तू हातभरही नाही. पहिल्याच दिवशी सहा जणांचे प्राण गेले, पुढे उपचार सुरू असताना आकडा वाढत गेला. काम करणाऱ्या बहुतेक बाया होत्या.

सामायिक लॅबचा धोका आणखी वेगळा आहे: तिथे शेवटी निघणारा कोण, हे ठरलेले नसते. बुधवारी संध्याकाळी लाइट जाते, आयर्न स्टँडवर तसाच राहतो, अंधारात सगळे घरी. गुरुवारी एमआयडीसीला सुटी. लाइट रात्री कधीतरी येते आणि बंद गाळ्यात आयर्न पुन्हा तापू लागतो. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली, तेव्हापासून आपल्या भागात अशा खुल्या कार्यशाळांची कल्पना रुजत गेली आहे, आणि ती रुजायलाच हवी. फक्त टेबलांचा सगळा पुरवठा एका मेन स्विचवर आणा आणि त्याचा लाल दिवा दाराबाहेर लावा. कुलूप लावणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे. लाइट आली तरी हाताने बटण दाबल्याशिवाय चालू न होणारा कॉन्टॅक्टर बसवला तर उत्तमच. आपल्याकडच्या कुठल्याही पॅनेलवाल्याला हे तासाभराचे काम आहे.

"धुराच्या वासाने जाग येतेच."

येत नाही. झोपेत वासाची जाणीव भरवशाची नसते आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. चिखलीच्या पूर्णानगरमध्ये ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे हार्डवेअर-इलेक्ट्रिकलच्या दुकानाला आग लागली. वर पोटमाळ्यावर झोपलेले नवरा-बायको आणि त्यांची दोन मुले दगावली. कारण म्हणून पुन्हा शॉर्टसर्किटचाच संशय. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील टेक्स्टाइल कारखान्यात आठ जण गेले, तेही राहायला कारखान्यातच होते. आग कशाने लागली यावर वाद होऊ शकतो. माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, यावर फारसा नाही. खाली माल, वर बिछाना आणि मध्ये एकच वाट.

"हे सगळं मालकाने बघायचं" असे कोणी म्हणेल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ जबाबदारी मालकावर टाकतो तशी भोगवटादारावरही, म्हणजे भाड्याने गाळा चालवणाऱ्यावरही. कायदा ज्या इमारतींना लागू आहे, तिथे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. तुमच्या पोटमाळ्यावर रात्री कामगार किंवा घरचे कोणी झोपत असेल, तर त्यासाठी जुलैची वाट पाहू नका. आज रात्रीच त्यांची झोपायची सोय दुसरीकडे करा.