भिंतीवर टांगलेला तक्क्या

पलंग भिंतीला लावलेला असेल तर उशाकडची भिंत एकदा निरखून बघा. उशीच्या वर हातभर अंतरावर दोन तेलकट, काळपट गोल दिसतील. वर्षानुवर्षं डोकं टेकून पेपर वाचल्याच्या त्या खुणा. आमच्या घरी हे गोल तीनदा रंगवून झाले आणि तीनदा परत उमटले. चौथ्या वेळी रंगाऱ्याला बोलावण्याऐवजी मी प्लायचे दोन तुकडे आणले, गॅलरीत सतरंजी पसरली आणि घरीच गादीचा हेडबोर्ड केला.

तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी तो पाहिला, त्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्या प्रश्नांमागचे गैरसमजही तेच, आणि त्या सगळ्यांचं मूळ एकच: हेडबोर्ड म्हणजे फर्निचर. फर्निचर म्हटलं की जाड लाकूड, सुतार आणि मोठा खर्च डोळ्यांसमोर येतो. पण हेडबोर्डवर कोणी बसत नाही, झोपत नाही, त्यावर सामानही ठेवत नाही. पाठ आणि डोकं टेकायचं, एवढंच त्याचं काम. बैठकीवरचे लोड-तक्क्ये हेच करत आले आहेत. हा तक्क्या फक्त भिंतीवर टांगलेला. असं धरून चाललं की पैसे कुठे घालायचे आणि हात कुठे आखडता घ्यायचा, ते सहज ठरतं.

गैरसमज १ : हे सुताराचंच काम आहे.

वस्तुस्थिती : सुताराचं कसब लागतं ते सांध्यांना. इथे एकही सांधा नाही. सपाट फळी, तिच्यावर फोम, फोमवर कापड, आणि ते कापड मागे ओढून मारलेल्या पिना. फळी सरळ रेषेत कापणं तेवढं घरी जमत नाही. ते प्लायच्या दुकानात किंवा जवळच्या कटिंगवाल्याकडे थोड्या पैशांत होतं. मापं कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका.

खरा कस लागतो तो कापड ओढताना. माझी पहिली चूक तिथेच झाली. मी उत्साहात एका कोपऱ्यापासून पिना मारत गेलो. तिसरी बाजू येईपर्यंत कापड तिरकं ओढलं गेलं आणि समोर कर्णरेषेत चुण्या पडल्या. चिमट्याने सगळ्या पिना उपटाव्या लागल्या. रीत अशी आहे: आधी चारही बाजूंच्या मधोमध एकेक पिन. मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घेत, मधून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपरे सगळ्यांत शेवटी. तिथे आधी कापडाचं टोक आत ओढून एक पिन मारायची आणि उरलेल्या दोन बाजूंच्या घड्या पाकिटासारख्या त्यावर बसवायच्या. प्रत्येक पाच-सहा पिनांनंतर फळी उलटून समोरची बाजू बघायची. चुणी चार पिनांनंतर दिसली तर दोन मिनिटांचं काम, चाळीस पिनांनंतर दिसली तर संध्याकाळ गेली.

गैरसमज २ : प्लाय जितका जाड आणि महाग, तितका हेडबोर्ड चांगला.

वस्तुस्थिती : कपाटाचा खण करायचा असता तर १८ एमएम ठीक होता. इथे १२ एमएम पुरतो. सहा बाय दोन फुटांची १२ एमएमची फळी साधारण आठ किलो भरते, १८ एमएमची बारा किलो. हे चार किलो नुसते भिंतीवरच्या स्क्रूंना छळतात. पण काटकसर ६ एमएमपर्यंत नेऊ नका. कापडाच्या ताणाने पातळ प्लाय बाक घेतो आणि पिनांची टोकं पलीकडे डोकावतात. १२ एमएमला ८ किंवा १० एमएमची पिन योग्य.

महाग प्लाय इथे कधीकधी कामच बिघडवतो. गर्जनचा कडक प्लाय हाताच्या स्टेपल गनला दाद देत नाही. पिना अर्ध्यातच वाकतात. पॉप्लरसारख्या मऊ लाकडाचा साधा प्लाय पिना मुकाट्याने घेतो.

आता ओलीचं. दुकानदार ‘एमआर’ ग्रेडला सर्रास वॉटरप्रूफ म्हणतात. एमआर म्हणजे हवेतल्या दमटपणाला तोंड देणारा प्लाय. तो पाण्यात टिकणारा नव्हे. आयएस ३०३ हे सर्वसाधारण प्लायचं मानक आहे, आयएस ७१० मरीन प्लायचं. कोरड्या भिंतीला एमआर पुरतो. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर मात्र मरीन प्लाय आणूनही उपयोग नाही, कारण बुरशी आधी कापडाला आणि फोमला धरते. आधी ओल काढा, मग हेडबोर्ड.

गैरसमज ३ : फोमचा आकडा म्हणजे त्याचा मऊपणा.

वस्तुस्थिती : २८, ३२, ४० हे आकडे घनतेचे आहेत: एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. मऊ की कडक, हा गुण वेगळा. एकाच घनतेचा फोम मऊही मिळतो आणि कडकही. घनतेवरून कळतं ते मुख्यतः टिकाऊपण, म्हणजे दाबून दाबून तो किती लवकर बसेल.

सोफ्याच्या बैठकीवर रोज माणसाचं पूर्ण वजन पडतं, म्हणून तिथे ४० घनतेचा आग्रह रास्त. पाठ टेकायला २८ किंवा ३२ पुरतो. सहा बाय दोन फुटांचा दोन इंची फोम २८ घनतेचा असेल तर सुमारे १.६ किलो भरतो, ४० चा असेल तर २.३ किलो. पैसे या फरकाचे जातात, आणि पाठीला तो कळतही नाही. जाडी मात्र कमी करू नका. एक इंची फोमवर रेलून अर्धा तास वाचलं की आतली फळी पाठीला लागायला लागते.

गैरसमज ४ : जुनी गादी फोडली की भराव फुकटात.

वस्तुस्थिती : कापूस आडव्या गादीत राहतो. उभ्या फळीवर तो खाली घसरतो. वर्षभरात वरचा भाग पोकळ आणि खाली बोचकं. गादीला ठरावीक अंतरावर टाके घालतात ते कापूस जागेवर राहावा म्हणूनच, पण फळीवर तशी शिवण घालणं कटकटीचं. जुन्या फोमच्या गादीचा न दबलेला भाग मात्र कापून वापरता येतो. त्याआधी शिवणी आणि कडा बॅटरीच्या उजेडात तपासा. काळे बारीक ठिपके दिसले तर तो तुकडा घरात ठेवू नका. डोक्याशी ढेकणांचं घरटं बांधण्यापेक्षा नवा फोम स्वस्त.

गैरसमज ५ : हेडबोर्ड एकसंधच हवा.

वस्तुस्थिती : खर्चाची सगळ्यांत मोठी गंमत इथे आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंचांचा असतो. फळी ७२ बाय २४ इंच. प्रत्येक कडेला दोन इंच फोमची जाडी, अर्धा इंच प्लाय आणि मागे दुमडायला तीन इंच, म्हणजे साडेपाच इंच जादा. एकूण कापड हवं ८३ बाय ३५ इंच. ८३ इंच पन्ह्यात मावत नाही, म्हणून कापड आडवं लावायचं. सव्वादोन मीटर घ्यावं लागतं. उभ्या पट्ट्या असतील तर त्या आडव्या होतात आणि मखमलीची लव एका बाजूला झुकते.

आता तीच फळी दोन तुकड्यांत करा, ३६ बाय २४ इंचांच्या. प्रत्येकाला ४७ बाय ३५ इंच कापड. ४७ इंच पन्ह्यात आरामात बसतात, लांबी फक्त ३५. दोन्ही मिळून ७० इंच, म्हणजे दोन मीटरच्या आत. कापड कमी, जोड नाही, पट्ट्या उभ्या, लव सरळ खाली. शिवाय तीन फुटांचा तुकडा लिफ्टमध्ये मावतो आणि एकट्याने टांगता येतो. मधली रेघ दिसते, पण ती नेमकी दोन गाद्यांच्या मधोमध येते. झोपणाऱ्यांची हद्द आपोआप आखली जाते.

आठ बाय चारच्या एका शीटमध्ये असे तीन बाय दोनचे चार तुकडे निघतात आणि चार बाय दोनचा एक तुकडा उरतो. म्हणजे एक शीट दोन घरांना पुरते. शेजाऱ्यांना विचारून बघा. आम्ही शीट अर्धी वाटून घेतली.

गैरसमज ६ : मखमल किंवा लेदर असल्याशिवाय शोभा येत नाही.

वस्तुस्थिती : शोभा येईल, पण भिंतीवरचे ते दोन गोल आठवा. ज्या घरात डोक्याला खोबरेल लागतं, तिथे मखमलीवरही तेच उमटणार. पुसून काढायचं तर रेक्झिन बरं. पण ‘लेदरेट’ या नावाखाली पीयूचा थर दिलेलं कापडही मिळतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचा थर काही वर्षांत सोलवटायला लागतो आणि उशीवर काळे टवके पडतात. पीव्हीसीचं रेक्झिन जास्त टिकतं, मात्र उन्हाळ्यात पाठीला घाम आणतं.

माझा तोडगा दुहेरी. फोमवर स्वस्त मांजरपाट ताणून पक्क्या पिना मारल्या. त्यावर जाड सुती कापडाची खोळ शिवून मागे नाडीने बांधली. खोळ दर दोन महिन्यांनी निघते आणि धुतली जाते. कापड निवडताना ते उजेडासमोर धरा. विणीतून उजेड गाळल्यासारखा येत असेल तर ते ताणावर विसविशीत होईल. खोळीचं कापड शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या, म्हणजे नंतर आटणार नाही. जुन्या रेशमी साडीचा मोह बहुतेकांना होतो. तिची घडीवर विरलेली जागा पहिल्याच ओढीला फाटते. साडी वापरायचीच असेल तर तिला मागून सुती अस्तर लावा.

खोलवर बसवलेल्या बटणांच्या चौकटींचाही असाच मोह. त्या खळग्यांत कापड जास्त जातं, प्लायला भोकं पाडावी लागतात आणि धूळ नेमकी तिथेच बसते. मॅचिंग सेंटरमध्ये कापड दिलं तर त्याची बटणं मढवून मिळतात. हौस असेल तर चार-सहा वरवर टाका.

गैरसमज ७ : सगळं फेव्हिकॉलने चिकटवून टाकावं.

वस्तुस्थिती : लाकूडकामाचा पांढरा फेव्हिकॉल पाण्यावर आधारलेला असतो. फोममध्ये तो जिरतो आणि वाळल्यावर कडक होतो. फोमला रबरयुक्त सोल्यूशन लागतं. ते दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. त्याची वाफ पेट घेते आणि डोकंही धरते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ उदबत्तीसुद्धा नको. हे चिकटवणं फोम सरकू नये एवढ्यापुरतंच. कापड कधीही चिकटवू नका, नाहीतर पुढच्या वेळी फोमही त्याच्यासोबत सोलून निघेल.

गैरसमज ८ : भिंतीला टांगलं की पडणार, त्यापेक्षा डबल टेप बरी.

वस्तुस्थिती : दोन्ही तुकडे, फोम-कापडासकट, मिळून दहा-अकरा किलो होतात. टेप रंगाला चिकटते, भिंतीला नाही. पावसाळ्यात रंगाचा पापुद्रा घेऊन ती खाली येते.

खात्रीचा उपाय म्हणजे तिरकी पट्टी. १८ एमएमची तीन-चार इंच रुंद पट्टी लांबीत ४५ अंशांत चिरून घ्या. एक भाग भिंतीवर, धार वर आणि उतार भिंतीकडे. दुसरा हेडबोर्डच्या मागे, उलटा. वरचा खालच्यात अडकतो आणि स्वतःच्याच वजनाने भिंतीकडे ओढला जातो. हेडबोर्डच्या खालच्या कडेला तेवढ्याच जाडीची एक पट्टी लावायला विसरू नका, नाहीतर तो खालून आत झुकतो. या पट्ट्यांमुळे मागे जी फट राहते तिच्यातून हवा खेळते, ओल धरत नाही.

विटांच्या भिंतीत ८ एमएमची गिट्टी आणि स्क्रू पक्का बसतो. नव्या इमारतींतल्या हलक्या राखाडी ब्लॉकमध्ये मात्र साधी गिट्टी सैल फिरते. त्यासाठीची वेगळी, लांब गिट्टी मागा. उशाशी स्विचबोर्ड असेल तर त्याच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, वायर बहुधा तिथूनच जाते. प्लगवर फोम येऊ देऊ नका. फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. भाड्याचं घर असेल तर भिंतीला हातच लावू नका. हेडबोर्डला दोन उभ्या पट्ट्यांचे पाय करा आणि ते पलंगाला बोल्ट करा.

गैरसमज ९ : घरी केलं की स्वस्तच पडतं.

वस्तुस्थिती : ड्रिल, स्टेपल गन, कात्री, सगळं नवं आणलंत तर पहिला हेडबोर्ड कारागिराकडून करून घेण्याएवढाच पडेल, कदाचित जास्तही. हत्यारं उसनी मिळत असतील आणि एक रविवार हाताशी असेल, तर घरी करण्यात खरी बचत आहे. खोल बटणांचा, वळणदार कडांचा, छतापर्यंतचा हेडबोर्ड हवा असेल तर सरळ कुशनवाल्याकडे जा. त्याच्या हातात ते कसब आहे आणि त्याचे पैसे वाजवी आहेत. साध्या चौकोनी तक्क्यासाठी मात्र त्याची गरज नाही.

आज रात्री उशाशी पुस्तक घेऊन बसाल तेव्हा डोकं जिथे टेकतं तिथे पेन्सिलीने खूण करा. गादीच्या पृष्ठभागाच्या दोन इंच खालपासून त्या खुणेच्या चार बोटं वर, एवढीच तुमच्या हेडबोर्डची उंची. गादीमागे लपणाऱ्या भागासाठी कापड आणि फोम विकत घेऊ नका.